खेळाच्या तासाला बसून राहणारी मुले : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरी आणि चौथीचे वर्ग एकत्र शिकवते. दोन्ही वर्गांचा पट मिळून ३४ आहे. शारीरिक शिक्षणाची पदवी माझ्याकडे नाही. खेळाच्या तासाला मी खो-खो किंवा लंगडी घेते. परंतु नेहमीची आठ-दहा मुलेच खेळतात आणि बाकीची कडेला बसून राहतात. काय करावे?
— एक शिक्षिका

उत्तर : कडेला बसलेली मुले तुमच्या नजरेत आली, हीच या कामाची खरी सुरुवात आहे. पदवी नसल्याची खंत मात्र बाळगू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पण ती सहावी ते आठवीसाठी, तीही शाळेचा पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीच्या मुलांना धावायला, उड्या मारायला आणि चेंडू झेलायला शिकवण्याची जबाबदारी त्यामुळे वर्गशिक्षकावरच येते. ज्या वयात शरीराला वळण लागते, नेमक्या त्याच वयासाठी तज्ज्ञ शिक्षक नसावा, ही धोरणातील मोठी उणीव आहे आणि ती दूर व्हावी असे मला मनापासून वाटते. तोवर तुमच्या हाती असलेल्या तासाचे काय करता येईल, ते पाहू.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत ३५ मिनिटांच्या तासाला मी घड्याळ घेऊन एकाच मुलाकडे पाहत बसलो होतो. रांगा, हजेरी, सावधान-विश्राम आणि संघ पाडणे यांत बारा मिनिटे गेली. पुढे खो-खोत त्याला दोनदा खो मिळाला, एकदा धावण्याची पाळी आली आणि तो लगेच बाद झाला. सगळे मिळून तो चार मिनिटेही धावला नाही. घंटा झाली तेव्हा त्याच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता; शाळेच्या दप्तरी मात्र त्याचा खेळाचा तास भरला होता.

यात शिक्षकांची हयगय नव्हती, दोष मांडणीचा होता. खो-खोच्या पारंपरिक नियमांप्रमाणे एका वेळी आठ खेळाडू बसतात, एक पाठलाग करतो आणि तीन बचाव करतात, म्हणजे तुमच्या ३४ मुलांपैकी २२ जण तर मैदानाबाहेरच राहतात आणि आत असलेल्या बारांपैकीही धावतात ते चौघेच. खेळ उत्तम आहे. परंतु ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत असताना तासाभरात प्रत्येक मूल किती वेळ हलले, हा प्रश्न आपण आधी विचारला पाहिजे.

म्हणून एका मोठ्या मैदानाऐवजी फक्कीने चार लहान चौकोन आखा. ही आखणी मधल्या सुट्टीत चौथीची मुले आनंदाने करतील. प्रत्येक चौकोनात आठ-नऊ मुले ठेवा आणि लंगडी घालणारा वीस अंक मोजून झाले की बदला. दोन कप्तान नेमून त्यांना आवडीचे गडी निवडायला मात्र कधीही सांगू नका, कारण सर्वांसमक्ष शेवटी उरलेले मूल तो क्षण वर्षानुवर्षे विसरत नाही. एक-दोन-तीन-चार असे आकडे म्हणायला लावून गट पाडले की काम भागते.

बाद होण्याचा नियमही जरा तपासून पाहा. सर्वांत आधी बाद होते ते अशक्त किंवा बुजरे मूल, म्हणजे ज्याला खेळाची गरज सर्वाधिक, तेच सर्वांत जास्त वेळ बसते. आपल्या विषामृतात ही अडचण जुन्या लोकांनी केव्हाच सोडवून ठेवली आहे. ‘विष’ मिळालेला गडी जागीच बसतो. पण सवंगड्याने येऊन ‘अमृत’ म्हटले की तो पुन्हा धावू लागतो. तेच तत्त्व लंगडीला लावा : बाद झालेल्याने कडेला जाऊन दोरीवरच्या दहा उड्या माराव्यात आणि परत आत यावे. पाय अधू असलेले मूल वर्गात असेल तर त्याच्या हाती केवळ शिट्टी देऊन थांबू नका. बसून चेंडू फेकता-झेलता येईल असा एक चौकोन सर्वांसाठीच ठेवा.

साहित्याविषयी थोडेसे. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला क्रीडा साहित्यासाठी वर्षाला ५,००० रुपयांची तरतूद आहे. त्यातून एखादा क्रिकेटचा संच आणला की दोघे खेळतात आणि बाकीचे चेंडूची वाट पाहतात. त्याऐवजी रबरी चेंडू, उड्यांच्या दोऱ्या आणि रिंगा भरपूर संख्येने घ्या.

प्रश्न : माझी मुलगी महापालिकेच्या शाळेत चौथीत आहे. परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताला दिला जातो. तक्रार केली तर मुलीवर राग निघेल अशी भीती वाटते.
— एक आई

उत्तर : भीती समजण्यासारखी आहे, म्हणून एकट्याने तक्रार करण्यापेक्षा हा विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे न्यावा. कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. बैठकीत आरोप न करता एवढेच विचारा : वेळापत्रकातील खेळाचे तास गेल्या महिन्यात किती झाले? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि पुढच्या बैठकीत तोच प्रश्न पुन्हा विचारा. क्रीडांगण आणि प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचे साहित्य या गोष्टी त्याच कायद्याच्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे तुम्ही काही जास्तीचे मागत नाही आहात.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा आहे आणि चांगला धावतो. त्याला आतापासून धावण्याचे खास प्रशिक्षण द्यावे का?
— एक वडील

उत्तर : इतक्यात नको. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर आधी खो-खो खेळल्या, मग लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळल्या आणि २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत उतरल्या. शालेय स्पर्धांतील १४ वर्षांखालील गटालाही तुमच्या मुलाला अजून अवकाश आहे. तोवर त्याला पोहू द्या, झाडावर चढू द्या, लगोरी आणि कबड्डी खेळू द्या. आणि संध्याकाळची शिकवणी खेळाच्या वेळेवर येत असेल तर ती आधी हलवा.