स्क्रीनवर झकास दिसणारा फोटो छापल्यावर मळकट का येतो? एसआरजीबी ठेवू की अ‍ॅडोबी आरजीबी?

एसआरजीबी. विषय संपला. (फाइलमधला आकडा म्हणजे नेमका कुठला रंग, हे ठरवायच्या या दोन पद्धती.) पण तुमच्या प्रश्नाने जुनी खपली निघाली, म्हणून लिहितोय.

पुण्यात एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ माझ्याकडे होतं. राणी रंगाची पैठणी नेसलेली बाई, हातात पणत्यांचं ताट. फोटोग्राफरचा हट्ट, फाइल अ‍ॅडोबी आरजीबीतच देणार, "त्यात रंग जास्त मावतात." मावतात, कबूल. मी म्हटलं, "अहो, पण पुढे ती फाइल उघडणार कोण?" ऐकतोय कोण! मीही तशीच पाठवली, ही माझी चूक.

प्रेसमधल्या पोराने उघडताना आलेल्या खिडकीत 'प्रोफाइल काढून टाका'वर क्लिक केलं, म्हणजे आकडे कुठल्या पद्धतीचे हे सांगणारी चिठ्ठीच फाडली, आणि थेट सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांत रूपांतर. इथे मेख आहे. एसआरजीबीतला पूर्ण लाल, म्हणजे २५५, अ‍ॅडोबी आरजीबीत साधारण २१९ लिहिला जातो. प्रोफाइल गेलं की ते २१९ एसआरजीबीचेच समजले जातात आणि रंग फिका पडतो.

मशीनवरून पहिलं शीट आलं तर पैठणी दहा वर्षं धुतलेली आणि बाईचा चेहरा टायफॉइडमधून उठल्यासारखा. फोरमन मॅजेंटा वाढवत गेला, शेवटी पणत्यांच्या ज्योतीही गुलाबी झाल्या. दोन रिमं आर्ट पेपर रद्दीत आणि पैसे माझ्या बिलातून. फोटोग्राफरसाहेब आजही चारचौघांत सांगतात, "डीटीपीवाल्याने घोळ घातला."

तेव्हा तुम्ही एवढं करा: 'असाइन'ला हात लावू नका, 'कन्व्हर्ट' करा. असाइनमध्ये आकडे तेच राहून रंग बदलतो, कन्व्हर्टमध्ये रंग जपायला आकडे बदलतात. फोटो लॅबला एसआरजीबी द्या. ऑफसेटला द्यायचं असेल तर प्रेसवाल्याला त्याचं प्रोफाइल विचारा. नुसतं सीएमवायके केलंत तर फोटोशॉप बहुतेक वेळा अमेरिकन छपाईचं 'स्वॉप' प्रोफाइल लावून मोकळं होतं. मग प्रेसवाल्याचं प्रोफाइल फोटोशॉपच्या प्रूफ सेटअपमध्ये टाकून कंट्रोल-वाय दाबा, छापल्यावर काय होणार याचा अंदाज येईल. फोटोग्राफर कितीही मोठा असो, फाइल आली की आधी प्रोफाइल बघा.

हे सगळं मॉनिटर धड असेल तरच. ब्राइटनेस शंभरावर ठेवून बसला असाल तर कुठलाही कागद मळकटच वाटणार, आधी तो खाली आणा. घरी चांगला इंकजेट असेल आणि शेवटपर्यंत सगळं तुमच्याच हातात असेल, तर ठेवा अ‍ॅडोबी आरजीबी, माझं काही म्हणणं नाही.

आणि हो, राणी रंग तसाही चार शाईत पुरता उतरत नाही. स्क्रीनवरचा तो झगझगीतपणा हवा तर फ्लोरोसंट गुलाबीची पाचवी शाई लावावी लागते. म्हणजे ती पैठणी थोडी फिकी पडलीच असती. पण टायफॉइड झालेला चेहरा? कातडीचा रंग सीएमवायकेत आरामात बसतो. तो कसा गेला, हे फोटोग्राफरसाहेबांनी एकदा चारचौघांत सांगावं.