दवाखान्यात बीपी मोजताना छातीत धडधडतं आणि १५५/९५ येतं, घरी मात्र १२५/८०. खरं कुठलं मानायचं?

दोन्ही खरी. त्या क्षणी तुमचं बीपी खरोखरच १५५ असतं. प्रश्न एवढाच, की गोळी त्या क्षणावरून ठरवायची की दिवसभराच्या बीपीवरून.

डॉक्टरांसमोर बीपी असं चढण्याला, त्यांच्या पांढऱ्या कोटावरून, व्हाइट कोट इफेक्ट म्हणतात आणि तो भित्र्या माणसांचाच मक्ता नाही. १९८३ साली इटलीत मांचिया नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉस्पिटलमधल्या लोकांच्या थेट धमनीतून सलग बीपी नोंदवलं. डॉक्टर खाटेजवळ आले की पहिल्या चार मिनिटांत वरचं सरासरी २७ने आणि खालचं १५ने चढायचं. ज्यांना बीपी नव्हतं त्यांचंही! भेट संपेपर्यंत ते बरंचसं उतरायचं. म्हणून माझा पहिला सल्ला: "डॉक्टर, माझं बीपी शेवटी बघा" असं आत गेल्या गेल्या सांगून टाका. मी सांगते, कोणी रागावत नाही.

शिवाय आपण पोचतो कसे तेही बघा. मी ठाण्याच्या नौपाड्यात राहते. संध्याकाळी लोकलमधून उतरायचं, गोखले रोडच्या गर्दीतून वाट काढायची, जिना चढायचा, वर आपला नंबर गेला की काय ही धास्ती. आत स्टुलावर बसतो तेव्हा पाय लोंबकळत असतात, पर्स मांडीवर, ड्रेसची बाही वर सरकवून दंडाला आवळलेली. पट्टा फुगत असतानाच डॉक्टर विचारतात, "मुलगी काय म्हणते?" आणि आपण सांगत सुटतो. नुसत्या बोलण्यानेही आकडा वर जातो, तुंबलेल्या लघवीनेही.

धडधड थांबवायच्या मागे लागू नका, ती हुकमाने थांबत नाही. त्यापेक्षा डॉक्टरांच्या हातात घरचे आकडे द्या. मशीन दंडाचं घ्या, मनगटाचं नको. दंडाचा घेर मोजूनच पट्टा निवडा, कारण लहान पट्टा बीपी जास्त दाखवतो. सकाळी चहा आणि गोळीच्या आधी खुर्चीला पाठ टेकून बसा, पावलं जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीला. पाच मिनिटं गप्प. मग मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. संध्याकाळीही तसंच. असं सात दिवस करून पहिला दिवस सोडा, बाकीच्यांची सरासरी काढा. घरची हद्द १३५/८५ धरतात, दवाखान्यातली १४०/९०. आलेला प्रत्येक आकडा लिहा, आवडलेलेच नकोत. आणि एकदा मशीन सोबत नेऊन डॉक्टरांच्या मशीनशी ताडून घ्या.

ठरलेल्या वेळा सोडून मशीन कपाटात. आमच्या सासूबाई मालिकेच्या प्रत्येक ब्रेकला मोजायच्या. वाढलेलं दिसलं की घाबरून पुन्हा, की अजून वाढलेलं.

तरीही गोंधळ राहिला तर डॉक्टर २४ तासांचं बीपी सांगतात. पट्टा दिवसरात्र दंडाला, छोटं यंत्र कमरेला, ते आपलं आपण फुगत राहतं. झोपेची थोडी वाट लागते, पण झोपेतलं बीपी कळायला याच्याइतकं चांगलं साधन नाही.

मात्र "माझं घाबरूनच वाढतं" म्हणून विषय सोडू नका. अशा लोकांना पुढे कायमचं बीपी लागण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, तेव्हा वर्षातून एकदा तरी हा आठवडा पुन्हा करा. चालू असलेली गोळी घरच्या आकड्यांवरून स्वतः बंद करू नका. आणि १८०/१२०च्या वर जाऊन छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलणं अडखळतंय किंवा हातपाय लुळा पडतोय असं झालं, तर मोजत बसू नका, हॉस्पिटल गाठा. नुसताच आकडा मोठा असेल तर पाच मिनिटं बसून परत घ्या. तरी उतरला नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.