कोट झाला की दाजी उठतात

"अक्का, नमस्कार. मी परभणी जिल्ह्यात राहते, माहेर लातूरकडचं. लग्नाला ११ वर्षं झाली. दिवाळीला आणि येळवसला (वेळ अमावास्येला, शेतात जेवणं असतात तेव्हा) आम्ही माहेरी जातो. रात्री जेवणं उरकली की पत्त्यांचा मेंढीकोट बसतो. माझे दोघे सख्खे भाऊ एकीकडे, हे आणि माझा चुलतभाऊ दुसरीकडे. हरायला लागले की यांचं तोंड उतरतं, मग 'पानंच येईनात' सुरू होतं आणि कोट झाला, म्हणजे चारही दश्श्या समोरच्यांनी नेल्या, की पत्ते आपटून उठतात. एका दिवाळीला तर रात्री साडेअकराला गाडी काढली, मला आणि मुलीला घेऊन निघाले. मागच्या येळवसला धाकटा भाऊ शेतात सगळ्यांसमोर म्हणाला, 'दाजी, थंडी कशाची वाजायली, रातचा कोट हाय की अंगावर!' सगळे हसले, हे सोडून. मग आईने भावांना बजावलं, जावई माणूस आहे, जरा जिंकू देत जा. यंदा त्यांनी तसं केलं. थोरल्याने हातची इस्पिकची दश्शी यांच्या एक्क्यावर आयती टाकली. ते यांच्या लक्षात आलं आणि जास्तच बिनसलं. दुसऱ्या दिवशी माझी ९ वर्षांची मुलगी पोरांत झब्बू खेळताना गाढव झाली. तिने बदामाची दश्शी फाडली आणि म्हणाली, 'पप्पा, चला आपल्या घरी.' आम्ही पैसे लावत नाही. पत्ते बंदच करावेत का?"

पोरी, पत्ते बंद करू नकोस. पुढच्या दिवाळीला जेवणं झाली की चारही गडी चार कोपऱ्यांत मोबाइल घेऊन पडतील, आणि पत्ते कुणामुळे बंद झाले हे घरातल्या मांजरालाही ठाऊक असेल. तुझ्या नवऱ्याला ते कोटापेक्षा जड जाईल.

आधी माझी लाज सांगून टाकते. आजोळी उन्हाळ्यात माळवदावर सतरंजी टाकून आमचा बदाम सात चालायचा. मी दहा-अकराची असेन. आपण हरणार हे दिसल्यावर मी किलवरची सत्ती हळूच सतरंजीखाली सरकवली. सत्तीच नाही म्हटल्यावर किलवरचं एकही पान कुणाला लावता येईना. मामा पास, मावशी पास, मीही साळसूदपणे पास. सगळे एकमेकांकडे संशयाने बघत बसले, शेवटी डाव मोडला. सकाळी आजीने सतरंजी झटकली तेव्हा ते पान तिच्या पायाशी पडलं. तिने उचललं, गड्डीत घातलं आणि चहा ठेवायला गेली. मला एक शब्द बोलली नाही. रात्री मात्र पहिलं पान मलाच वाटलं.

तेव्हा रडीचा डाव काय असतो, हे मला कुणी सांगायला नको.

आपले घरचे खेळही बघ कसे आहेत. झब्बूत जिंकणाऱ्याला नाव नाही, हरणाऱ्याला आहे: गाढव. गुलामचोरात शेवटी गुलाम हातात राहील तो चोर. मेंढीकोटात चारही दश्श्या समोरच्यांनी नेल्या की कोट, आणि तो चढतो हरणाऱ्यांवर. म्हणजे चिडवणं या खेळांच्या नावातच आहे, ते काढलं तर नुसती पानं उरतात. तुझ्या धाकट्याचा कोट वाचून मी एकटीच हसले, खोटं कशाला बोलू. पण त्याने तो रात्री, डावातच मारायला हवा होता. येळवसला आपल्याकडे वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून भज्जी-आंबील वाढतात. खोपीसमोर शेजारच्या शेतातले पाहुणे, गडीमाणसं, तुझे वडील बसलेले, आणि तिथे रात्रीचं हरणं पुन्हा वाढलं. सतरंजीवरचा चेष्टेचा शब्द पंगतीत नेला की त्याची चव बदलते.

दुसरं असं की तुझ्या माहेरी दाजींना गेली ११ वर्षं कुणी बरोबरीने वागवलेलंच नाही. ते आले की पाट, पाणी, टॉवेल-टोपी, "दाजी, तुम्ही बसा, आम्ही करतो." मेहुण्यांना त्यांच्या मांडीला मांडी लावून दोन शब्द सुनवायची जागा एकच, ती सतरंजी. पोरं तिथे सगळी कसर काढतात. तो बिचारा दिवसभर मानाच्या पाटावर, आणि रात्री एकदम दश्शी हिसकावून घेणाऱ्यांच्या तावडीत! त्याला ती थट्टा अपमान वाटते, भावांना ते प्रेम वाटतं. दोघंही खोटं बोलत नाहीत.

आईचा उपाय मात्र साफ चुकला. अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारसे वाण देतात, ते ठीक. डाव वाणात देता येत नाही. दाजींना खेळ कळतो म्हणूनच थोरल्याची चोरी पकडली गेली ना? इतकी वर्षं ते हरत होते, त्या दिवशी त्यांना लहान पोर ठरवलं गेलं. त्या रात्री ते चिडले असतील तर मी त्यांच्या बाजूने आहे.

"पानंच येईनात" यावरही एक हिशोब देते. बावन्न पानांत दश्श्या चार, हातात पानं तेरा. दहा वाटण्यांत साधारण तीनदा गड्याच्या हातात एकही दश्शी येत नाही, आणि अठरा वाटण्यांत एखाद्या वेळी दोघा भिडूंच्या हातांत मिळून एकही नसते. तेव्हा त्यांची कुरकुर अगदीच खोटी नाही. फक्त जिंकतात तेव्हाही "आज पानं चांगली आली" म्हणतात का, तेवढं कान देऊन ऐक.

पण पत्ते आपटणं आणि मध्यरात्री लेकराला झोपेतून उठवून गाडीत घालणं, याला माझ्याकडे माफी नाही. हे त्यांना तूच सांगायचं, आईने नाही, भावांनी तर नाहीच. परतीच्या गाडीत नको आणि सणाच्या आदल्या दिवशीही नको. एखाद्या साध्या संध्याकाळी म्हण, "अहो, तुम्ही हरता याचं मला काही नाही. मधूनच उठता तेव्हा आईच्या घरात मला तोंड लपवावंसं वाटतं." एवढंच. स्वभावावर भाषण देऊ नकोस. घरातही ते असेच वस्तू आपटत असतील, तुम्हा दोघींना त्यांची भीती वाटत असेल, तर हा पत्त्यांचा विषय नाही, मला वेगळं पत्र लिही.

भावांचा कान मी धरते. पत्ते डबीत गेले की कोटाची गोष्टही डबीत. मुद्दाम हरणं बंद. आणि ही मेहुणे विरुद्ध दाजी अशी कायमची फळी मोडा: प्रत्येकाने एकेक पान ओढावं, मोठी दोन पानं ज्यांची ते भिडू. एखाद्या रात्री धाकटा आणि दाजी एका बाजूला आले की कोट दोघांच्या अंगावर चढेल, मग बघू किती विनोद सुचतात त्याला. डाव किती हे बसायच्या आधीच ठरवा, सात म्हणजे सात. आणि हरेल त्याने पिसायचं, आमच्याकडे तसंच आहे. चिडलेल्या माणसाच्या हातांना काम लागतं ते बरं.

राहिली तुझी लेक. तिला रागावू नकोस, तिने जे बघितलं ते केलं. पुढच्या वेळी तिला पप्पांशेजारी बसव आणि कोट झाला की पप्पांनी तिच्या हातात गड्डी द्यावी, "घे, पीस, पुढचा डाव" म्हणून. हे त्यांना जमलं तर तिच्यापुरतं माझं पत्र वाया गेलं तरी चालेल.

आणि नवीन कॅट आणू नका. मेंढीकोटात जोकर लागत नाही, तो डबीत पडून असतो. त्याच्यावर लेकीलाच लाल पेनाने बदाम काढून १० लिहायला लाव. बदाम वाकडा आला तरी हरकत नाही, पाठ बाकीच्या पानांसारखीच असते, कुणाच्या हातात आहे ते कळायचं नाही.