वारंवार रक्तदान केल्याने मूळ पेशी संपतात का?

दर तीन महिन्यांनी रक्त दिलं तर अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी एक दिवस संपून जातील का, असं तुम्ही विचारलंय. नाही संपत. मी पुण्यातल्या एका रक्तपेढीत काम करतो. पेठांमधल्या गणेश मंडळांची शिबिरं असोत की कॉलेजची, ही शंका कुणीतरी काढतंच.

मोठ्या माणसात रक्त मुख्यतः कमरेची हाडं, मणके, बरगड्या आणि छातीचं मधलं हाड यांच्या आतल्या लाल मज्जेत तयार होतं. तिथल्या मूळ पेशी फार थोड्या, आणि त्यांतल्या बहुतेक एरवी स्वस्थ पडून असतात. एखादी विभागली की काही लेकी मूळ पेशीच राहतात, बाकीच्या कामाला लागतात. दह्यातून चमचाभर विरजण राखून ठेवावं, तसं. खरी मेहनत पुढच्या पिढ्यांची. त्या भराभर वाढतात. कुणी तांबडी पेशी होते, कुणी पांढरी, कुणी अवाढव्य फुगते आणि तिचे तुकडे प्लेटलेट म्हणून रक्तात सुटतात.

रक्त दिल्यावर मूत्रपिंडांना प्राणवायू थोडा कमी पडतो. ती एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतात आणि मज्जा तांबड्या पेशी जास्त घडवू लागते. तशीही ती सेकंदाला साधारण २० लाख घडवतच असते! ३५० मिलिलिटरच्या पिशवीत जाणाऱ्या पेशी म्हणजे तिचं जेमतेम आठ-दहा दिवसांचं काम. तरी भरपाईला काही आठवडे लागतात, कारण तांबडी पेशी सुमारे १२० दिवसच जगते. रोज मरणाऱ्या पेशींची जागा भरून वर जे उरेल, तेवढीच खरी भर.

संपतं ते लोह, आणि त्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. एका पिशवीबरोबर दीडशेच्या वर मिलिग्रॅम लोह जातं, आणि आतडं दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच शोषतं. हिशेब करून बघा. बायकांचं पाळीतही जातं, म्हणून त्यांच्यासाठी दोन रक्तदानांत चार महिन्यांचं अंतर ठेवलंय. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली म्हणून शिबिरातून परत जाणाऱ्या मुली पाहिल्या की मला फार वाईट वाटतं. त्या हौसेने आलेल्या असतात, आणि आम्ही नुसतं 'कमी आहे' म्हणून मोकळे होतो.

तेव्हा नेमाने रक्त देत असाल तर कडधान्यं, पालेभाज्या, हळीव खा, वर लिंबू पिळा. जेवणावर किंवा पोह्यांवर लगेच चहा नको, त्याने लोह नीट शोषलं जात नाही. अधूनमधून डॉक्टरांना विचारून फेरिटिन तपासा. साठा किती उरलाय ते त्यातून कळतं, हिमोग्लोबिनवरून कळेलच असं नाही. आणि हिमोग्लोबिन सतत कमी येत असेल तर मनानेच लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आई-वडिलांकडून येणारा रक्तातला सौम्य दोष, असला तरी ते कमी दिसतं, आणि त्यावर लोहाचा उपयोग नसतो.