‘झालं का?’ला खोटं ‘हो’ म्हणू नका

प्रश्न : वय २६, लग्नाला चार महिने झाले. संबंध नियमित आहेत, दुखत नाही. पण ऑर्गॅझम म्हणतात तो सुखाचा परमोच्च क्षण एकदाही आलेला नाही. नवरा दर वेळी विचारतो, ‘झालं का?’ हल्ली मी ‘हो’ म्हणून मोकळी होते. माझ्यात दोष आहे का?

नाही. नुसत्या संभोगाने तो क्षण बहुसंख्य स्त्रियांना येतच नाही, मग लग्नाला चार महिने झालेले असोत की वीस वर्षं. सुखाच्या मज्जातंतूंची खरी दाटी योनिमार्गात नसते, शिश्निकेत असते. लघवीच्या छिद्राच्या वर, त्वचेच्या घडीखाली वाटाण्याएवढं दिसतं ते तिचं फक्त टोक. बाकीची ती योनिमार्गाच्या दोन्ही अंगांना आत पसरलेली असते. पाठ्यपुस्तकांतली तिची चित्रं अपुरी आहेत हे ऑस्ट्रेलियातल्या डॉ. हेलन ओ’कॉनेल यांनी शवविच्छेदन करून दाखवलं ते १९९८मध्ये. माणूस चंद्रावर जाऊन आल्याला तेव्हा २९ वर्षं झाली होती!

तेव्हा हाताने केलेल्या स्पर्शाला ‘आधीची तयारी’ समजू नका, मुख्य काम तेच. एकट्या असताना, निवांत, कुठे आणि किती दाबाने बरं वाटतं ते स्वतःच्या बोटांनी शोधा. मग त्याचा हात धरून दाखवा. ‘जरा वर’, ‘हळू’, ‘आता थांबू नकोस’ एवढं बोललात तरी पुरे. वीस मिनिटं लागली तर लागू देत. कोरडेपणा वाटला तर औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारलेलं वंगण मिळतं. तो खोटा ‘हो’ मात्र आजपासून बंद; त्याने नवऱ्याचा चुकीचाच धडा पाठ होतो.

प्रश्न : घर दोन खोल्यांचं. पलीकडे सासूबाई जाग्या, आमचा पलंग कुरकुरतो. माझे कान भिंतीकडेच असतात.

कान भिंतीला लागले की शरीर आवळून बसतं, त्याचा इलाज नाही. गादी जमिनीवर टाका, पंखा मोठा करा. आणि घरचे सगळे लग्नाला निघतील त्या दिवशी तुमचं डोकं खुशाल दुखू द्या.

प्रश्न : वर्षभर नैराश्याची गोळी चालू आहे. पूर्वी एकटीने केलं की व्हायचं, आता तेही होत नाही.

या गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्यांनी हा क्षण लांबतो किंवा येतच नाही. मनाने गोळी सोडू नका. मानसोपचारतज्ज्ञांना न लाजता सांगा. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं.

प्रश्न : अगदी जवळ आल्यासारखं वाटतं आणि लघवी होईल अशी भीती वाटते. मी लगेच थांबवते.

मूत्रमार्ग अगदी शेजारी असल्याने तसं वाटतं, आणि बहुतेकदा तुम्ही ऐन वेळी माघारी फिरता आहात. आधी बाथरूमला जाऊन या, खाली जुना टॉवेल घाला, आणि पुढच्या खेपेला थांबवू नका. काही ओलं झालंच तर टॉवेल धुता येतो.