वाचक विचारतात: मोत्या पिसाळला नाही, त्याला मिरगी आहे

मागच्या अंकात गोचिडांवर लिहिलं होतं, पण पत्रं आली ती भलत्याच विषयाची. चार जणांनी कुत्र्याला येणाऱ्या झटक्यांबद्दल विचारलंय, म्हणून यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिला. गायी-म्हशीवाल्यांनो, या खेपेला सांभाळून घ्या.

प्रश्न: डॉक्टरसाहेब, आमचं वावर दारव्हा तालुक्यात आहे. मोत्या नावाचा गावठी कुत्रा आहे, तीन वर्षाचा, जागलीला माझ्यासोबतच असतो, रोही आन् डुकरं त्याच्या नुसत्या आवाजानं पळतात. दोन महिन्यापूर्वी रात्री तीनच्या सुमारास बाजेखाली झोपला होता, एकदम काठीसारखा ताठ झाला, मग चारही पाय सायकल मारल्यासारखे चालू, जबडा कटकट वाजे, तोंडाला फेस, मुतला पण. दीडदोन मिनिटं चाललं असंल, मले तर तासभर वाटलं. उठल्यावर मले ओळखेच ना, कोठ्याच्या भिंतीवर जाऊन धडकला, मग टोपल्यातली अख्खी भाकर खाऊन टाकली. सकाळी एकदम ठीक. आता मागच्या हप्त्यात परत तसंच झालं, पण या वेळी भरदिवसा, पाराजवळ, सगळ्या गावानं पाहिलं. लोक म्हणतात कुत्रं पिसाळलं, तू मारतं का आम्ही मारू. माय पण भेली, लेकराईले जवळ जाऊ देत नाही. काय करू?

उत्तर: भाऊ, आधी काठ्यांचं पाहू, गोळ्यांचं मग. पिसाळलेलं कुत्रं दोन मिनिटं पिसाळून सकाळी भाकर मागायला येत नाही. रेबीजमध्ये एकदा लक्षणं सुरू झाली की रोज बिघडतच जातं, आवाज बदलतो, जबडा लोंबतो, गिळता येत नाही, अंधारात जाऊन बसतं नाहीतर कारण नसताना चावत सुटतं, मागचे पाय लुळे पडतात, आणि साधारण दहा दिवसांच्या आत मरतंच. तुमचा मोत्या पहिल्या झटक्यानंतर दोन महिने जागलीला गेलाय, हेच गावाला सांगा, याच्यापेक्षा मोठा पुरावा नाही. मात्र एक विचारतो, त्याला रेबीजची लस दिलेली आहे का? दिली असेल तर कार्ड खिशात ठेवा आणि पारावर दाखवा, नसेल तर हे वाचून झाल्यावर डॉक्टरकडे जा आणि लस कधी द्यायची ते त्यांनाच ठरवू द्या. मध्यंतरी त्याला दुसरं कुत्रं चावलं असेल तर तेही सांगा, लपवू नका.

आता तुम्ही लिहिलेलं एकेक बघा, ताठ होणं, पाय मारणं, लघवी सुटणं, मग काही वेळ आंधळ्यासारखं फिरणं, भूक खवळणं, आणि मग जसाच्या तसा. आणि पहिला झटका झोपेत. हे मिरगीचं, म्हणजे फेफऱ्याचं, अगदी ठरलेलं चित्र आहे. कुत्र्यात ज्या मिरगीचं कारण सापडत नाही, अंगातच असते, ती बहुतेक करून सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होते आणि दोन झटक्यांच्या मधे कुत्रा पूर्ण नॉर्मल असतो. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, बीगल यांच्यात जास्त दिसते पण गावठीला येत नाही असं नाही. हो, अशा कुत्र्याची पिल्लं काढू नका, बऱ्याचदा हे रक्तातून पुढे जातं.

पण मिरगी म्हणायच्या आधी विष नाही ना, हे बघायला लागतं, आपल्याकडे तर जास्तच. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता किती माणसं दगावली ते तुम्हाला मी काय सांगू. माणसाचं असं, तर पऱ्हाटीतून फिरून आलेलं, फवारणीच्या बादलीतलं पाणी चाटलेलं, धुऱ्यावर डुकरासाठी ठेवलेलं काहीबाही खाल्लेलं कुत्रं कुठं जाईल. विषबाधेत लाळ थांबत नाही, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक होतात, जुलाब लागतात, सगळं अंग थरथरत राहतं आणि मधे बरं वाटत नाही. तसं दिसलं तर औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत घ्या आणि पळा, तिथं मिनिटाचा हिशोब असतो. मोत्याचं तसं वाटत नाही, तरी दोन्ही वेळेस आदल्या दिवशी कुठं फवारणी होती का ते आठवून ठेवा.

झटका आला की काय करायचं? खरं सांगू, जवळजवळ काहीच नाही, आणि तेच अवघड असतं. बाजूचं दगड-विळे-चूल सरकवा, डोक्याखाली पोतं टाका, लोकांना आणि दुसऱ्या कुत्र्यांना लांब करा, आणि मोबाईलवर व्हिडिओ काढा. हो, व्हिडिओ. निर्दयी वाटतं पण डॉक्टरसमोर कुत्रा नेहमी शेपटी हलवत उभा असतो आणि तुम्ही तोंडानं सांगता त्यातून निम्मंच कळतं, व्हिडिओत वेळ पण दिसते. तोंडात हात, चमचा, फडकं काही घालायचं नाही. कुत्रं जीभ गिळत नाही, गिळूच शकत नाही. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी एका स्पिट्झच्या तोंडात बोट घातलं होतं, मालकीणबाई रडत होत्या म्हणून काहीतरी करून दाखवायचं होतं, त्या अंगठ्यावर अजून वळ आहे आणि रेबीजची इंजेक्शनं घेतली ती वेगळीच. तुम्हालाही असं चुकून लागलं तर पंधरा मिनिटं नळाखाली साबणानं धुवा आणि सरकारी दवाखान्यात लस घ्या, मिरगीचाच कुत्रा आहे म्हणून टाळू नका.

घड्याळ मात्र बघा. पाच मिनिटं उलटली तरी थांबत नाही, किंवा एका दिवसात दोन-तीन झटके आले, तर घरी बसायचं नाही, रात्र असो की पाऊस. अंग तापलेलं असतं, त्यात आपला मे महिना म्हणजे विचारू नका, पोटावर-पायांवर साधं पाणी मारत न्या.

औषधाचं: एकच झटका आला असता तर मी थांबा म्हटलो असतो. सहा महिन्यात दोन झाले की गोळी सुरू करायची, असा जगभरातल्या जनावरांच्या डॉक्टरांचा साधारण नियम आहे. गोळीबद्दल खालच्या उत्तरात वाचा, परत लिहीत नाही. आणि पारावर एक काम करा, पुढच्या झटक्याचा व्हिडिओ काढलात की तो सरपंचाला, पोलीस पाटलाला, शेजाऱ्याला दाखवा, आधी झटका आणि मग त्याच दिवशी संध्याकाळचा मोत्या. 17 नोव्हेंबरला माणसांच्या मिरगीचा राष्ट्रीय दिवस असतो, शाळेत गुरुजी त्या दिवशी काही बोलणार असतील तर दोन वाक्यं कुत्र्याची पण घाला म्हणावं, दगड शेवटी पोरंच मारतात.

प्रश्न: काटोलहून लिहिते. आमच्या राणी कुत्रीला, वजन 24 किलो, मिरगीवरची फिनोबार्बिटोनची 60 मिलीग्रॅमची गोळी दोन वेळा सुरू केली, तीन हप्ते झाले. झटका आला नाही पण ती सारखी पाणी पिते, घरात मुतते, खाखा करते आणि चालताना झिंगल्यासारखी. सासूबाई म्हणतात गोळीनं कुत्री वेडी झाली, बंद कर. शिवाय एखाद्या वेळी द्यायची राहूनही जाते. आता झटके नाहीत तर बंद करू का?

उत्तर: ताई, बंद नाही. हे एक वाक्य फ्रिजवर लिहून लावा. अचानक बंद केली की मेंदू उसळतो आणि पहिल्यापेक्षा वाईट झटके येतात, एकामागून एक, थांबता थांबत नाहीत. कमी करायची तर डॉक्टरच करतात, महिनोन् महिने घालून.

तुम्ही सांगितलं ते सगळं या गोळीचं नेहमीचंच आहे. झिंगणं बहुतेक दोन-तीन हप्त्यात उतरतं, तहान आणि भूक राहते. पाणी बिलकुल तोडू नका, रात्री झोपायच्या आधी एकदा बाहेर न्या. भाकर मात्र मोजून द्या, नाहीतर सहा महिन्यात राणीची म्हैस होईल. डोस वजनाच्या मानाने बरोबर आहे, किलोमागे अडीच मिलीग्रॅम. पण दर कुत्र्याचं शरीर वेगळं, म्हणून आता रक्तात औषध किती आहे ते तपासायची वेळ झालीच आहे, आणि दर सहा महिन्यांनी लिव्हर. तालुक्याला होत नसेल तर नागपूरला सेमिनरी हिल्सवरच्या व्हेटर्नरी कॉलेजला विचारा, काटोलहून काही लांब नाही. वऱ्हाडातल्यांना अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था जवळ पडेल.

वेळेचं असं करा, बारा-बारा तास. सकाळी 7 आणि संध्याकाळी 7, मोबाईलवर अलार्म, आणि गोळी गुळाच्या खड्यात किंवा तूप लावलेल्या भाकरीच्या गोळ्यात. राहिली तर आठवल्याबरोबर द्या, पण पुढच्या वेळी डबल नाही. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी आणा, कारण ही चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि मेडिकलवाला हमखास विचारतो, पेशंट कोण? लाजू नका, राणी म्हणून सांगा. 1912 पासून हे औषध माणसांच्या मिरगीवर वापरतात, महाग नाही, सासूबाईंना सांगा की माणसं वेडी झाली नाहीत.

गोचिडाची नवीन चावायची गोळी द्यायच्या आधी मात्र डॉक्टरला विचारा. त्यातल्या काही गोळ्यांमुळे झटके येऊ शकतात असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्यानं 2018 मध्ये दिलाय. मागच्या अंकात मीच त्या गोळ्यांचं कौतुक केलं होतं, मिरगीवाल्या कुत्र्यांना वेगळं सांगायला हवं होतं, राहून गेलं.

प्रश्न: अचलपूर. चार महिन्याचं पिल्लू, डोळ्यातून-नाकातून चिकट पाणी, आता जबडा चघळल्यासारखा हलतो आणि झटके येतात. मिरगीच ना?

उत्तर: नाही, बहुधा डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्याकुत्र्यात पसरणारा विषाणूचा आजार. लस झाली नसेल तर जवळजवळ नक्कीच. घरातली बाकी कुत्री लगेच वेगळी करा आणि आजच डॉक्टरला दाखवा, पत्राच्या उत्तराची वाट बघायला नको होती. खोटी आशा देत नाही, मेंदूपर्यंत गेलेल्या डिस्टेंपरमधून बरीच वाचत नाहीत.

प्रश्न: झटक्यात कांदा किंवा चप्पल हुंगवली तर उतरतो, आमच्या आजानं कितीदा उतरवलाय.

उत्तर: दोन मिनिटांनी तो आपोआपच उतरतो भाऊ, तेवढ्यात चप्पल शोधून होते, म्हणून श्रेय चपलीला. कुत्र्याला कांदा तर नकोच, पोटात गेला तर रक्त खराब करतो.

पुन्हा दारव्हा: वरच्याच भाऊंनी पत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात विचारलंय, मोत्याला परत जागलीला नेऊ का.

न्या की. घरी बांधून ठेवलात तर तो झुरेल आणि डुकरं तुमची तूर खातील. फक्त झटक्यानंतर एक-दोन दिवस आराम द्या, आणि गोळी सोबत न्या, रात्री वावरात 7 वाजले की अलार्म वाजला पाहिजे. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसात थ्रेशरच्या बाजूला नको. आणि विहीर. तुमच्या वावरातल्या विहिरीला कठडा आहे का ते लिहिलं नाही. आपल्याकडच्या निम्म्या विहिरींना नसतो. नसेल तर बाज विहिरीपासून लांब टाका आणि रात्री मोत्याला लांब दोरीनं बाजेलाच बांधा, पट्टा गळ्यात नको, छातीचा घ्या, म्हणजे झटक्यात गळफास बसणार नाही. भुंकायला त्याला दोरी आड येत नाही.