परिसंवादाला जाण्यापूर्वी

दादर, मुंबई

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

उत्क्रांतीवरील परिसंवादासाठी तू केलेले टिपण दोनदा वाचले. मांडणी नेटकी आहे. मात्र एके ठिकाणी प्रश्न एक आणि उत्तर भलत्याचेच असे झाले आहे, आणि सभेत तुला नेमके तेथेच कोणीतरी अडवील. ‘नवी प्रजाती तयार होताना कोणी पाहिली?’ या आक्षेपावर तू औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या जंतूंचा दाखला दिला आहेस. मुंबईकर श्रोत्यांना तो चटकन पटेल, कारण या शहरात क्षयरोग कोणाला परका नाही. पण औषधाला दाद न देणारा क्षयाचा जंतू शेवटी क्षयाचाच जंतू असतो. त्याला नवी प्रजाती म्हणता येत नाही.

‘उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांतील बदल, योगायोगाने होतात, मग योगायोगातून काही घडते कसे?’ असे कोणी विचारील, तेव्हासाठी हा दाखला राखून ठेव. रिफॅम्पिसिन या क्षयावरील औषधाला दाद न देणारा जंतू साधारणपणे दहा कोटींत एखादा आपोआप निपजतो, आयसोनियाझिड या दुसऱ्या औषधाला न जुमानणारा दहा लाखांत एखादा. एकच औषध दिले, तर ते बाकीच्यांना मारून त्या एखाद्यालाच मोकळे रान देते; म्हणून उपचाराच्या सुरुवातीला एकदम चार औषधे देतात. बदल योगायोगाने होतो, परंतु त्यातील कोणता टिकेल हे योगायोगावर सोडलेले नसते. उत्परिवर्तन आणि निवड यांतला हा भेद पाच मिनिटे घेऊन सांगितलास तरी चालेल.

प्रजातीच्या प्रश्नाला मात्र गहू पुढे कर. खीर आणि पुरणपोळीसाठी आपण ज्याचा आग्रह धरतो, त्या खपली गव्हाच्या पेशीत 28 गुणसूत्रे असतात आणि रोजच्या पोळीच्या गव्हात 42. काही हजार वर्षांपूर्वी कॅस्पियन समुद्राच्या परिसरात खपलीच्या जातकुळीतील लागवडीच्या गव्हाचा, 14 गुणसूत्रांच्या एका रानगवताशी संकर झाला. अशा संकरात दोघांकडून निम्मी निम्मी मिळून 21 गुणसूत्रे येतात, त्यांच्या जोड्या जुळत नाहीत आणि रोप वांझ राहते. परंतु पेशीविभाजनातील चुकीने ती दुप्पट झाली की प्रत्येकाला जोडीदार मिळतो आणि रोप बी धरू लागते. 1940 च्या दशकात मॅकफॅडन आणि सीअर्स या अमेरिकी शास्त्रज्ञांनी असाच संकर मुद्दाम घडवून स्पेल्ट या 42 गुणसूत्रांच्या गव्हासारखे रोप मिळवले, आणि खऱ्या स्पेल्टशी त्याचा संकर केल्यावर सुपीक संतती झाली. कोणी ‘प्रयोगशाळेबाहेरचे सांगा’ म्हणालेच, तर ट्रॅगोपोगॉन आहे. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या या रानफुलांच्या संकरातून, गुणसूत्रे दुप्पट होऊन, वॉशिंग्टन आणि आयडाहो राज्यांत उगवलेल्या दोन नव्या प्रजातींचे वर्णन वनस्पतिशास्त्रज्ञ ओनबी यांनी 1950 मध्ये केले.

येथे प्रामाणिक राहा. ही वनस्पतींना विशेष मानवणारी जवळची वाट आहे; प्राण्यांत बहुधा नदी, डोंगर वा समुद्र यांमुळे समूहांची ताटातूट होते आणि पुढे ते एकत्र आले तरी जुळत नाहीत इतका दुरावा येण्यास फार काळ लागतो. एका आयुष्यात तो पाहायला मिळावा ही अपेक्षाच चुकीची आहे. तसेच शास्त्रज्ञांतही मतभेद आहेत हे लपवू नकोस. रेणूंच्या पातळीवरील बहुतेक बदल निवडीने नव्हे तर निव्वळ योगायोगाने टिकतात, असे जपानी जनुकशास्त्रज्ञ किमुरा यांनी 1968 मध्ये मांडले आणि त्यावर वर्षानुवर्षे वाद झाला. तो वाद उत्क्रांती कशी होते याविषयीचा होता. ती होते की नाही, याविषयीचा नव्हता.

2018 मध्ये एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी केलेले ‘डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे’ हे विधान आणि 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून वगळलेला उत्क्रांतीचा भाग, यांवर तू दीड पान खर्च केले आहेस. ते दोन वाक्यांवर आण. 1,800 हून अधिक जणांनी त्या वगळण्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या हे खरे, पण सह्यांची संख्या हा पुरावा नव्हे, आणि तू तरी तसे म्हणू नयेस.

बाजारात खपली बहुधा सडून, टरफल काढलेली मिळते. टरफलासकट लोंबी दाखवायची असेल तर कळव. माझा भाचा पुढच्या आठवड्यात सांगलीहून येणार आहे.

तुझे,
सर